एका हौद्यातले दोघे

आत्याच्या घरी असताना मला जाग यायची ती पाट्यावर शेंगदाणे रगडण्याच्या आवाजाने. आदल्या दिवशी भिजत घातलेले हरभरे, हे रगडलेले शेंगदाणे, त्यात गुळाचा खडा आणि वर पेलाभर दूध, हा माझा खुराक. पैलवानाला बदाम लागतात हे आत्याला ठाऊक होतं, पण बदाम तिने वाण्याच्या बरणीतच पाहिलेले. दूध घालणाऱ्या गवळ्याशी तिचं रोजचं भांडण ठरलेलं. "तुझी म्हैस नदीत बसून दूध देती का रं?" असं ती विचारायची आणि तो शांतपणे म्हणायचा, "मावशे, म्हशीला पानी पाजावंच लागतंय." आतोबा रेल्वेत पॉइंट्समन होते, घरी कमी आणि ड्युटीवर जास्त. त्यांना मूलबाळ नव्हतं. वडिलांनी मला देवगाव रंगारीहून कॉलेज शिकायला औरंगाबादला आणून सोडलं तेव्हा आत्याने मला दारातच वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "दादा, पोरगं निस्तं काडीवानी हाय. ह्याला काय शिकायला पाठवलं का जेवायला?" वडील म्हणाले, दोन्हीला. त्या दिवसापासून तिने दुसऱ्या कामाची जबाबदारी स्वतःकडे घेतली. पहिलं काम माझ्यावर सोडलं, आणि ते मी कसं केलं हे माझ्या गुणपत्रिकांना विचारावं.

कॉलेजच्या मागच्या बाजूला, निंबाच्या झाडाखाली, पत्र्याची एक शेड होती आणि शेडमध्ये कुस्तीचा हौदा. तो खणला होता करीम वस्तादांनी. कागदोपत्री वस्ताद आमच्या कॉलेजचे शिपाई. तासाची घंटा द्यायची, फळा पुसायचा, प्राचार्यांच्या टेबलावर पाण्याचा तांब्या ठेवायचा, हे त्यांचं काम. पण निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शनच्या आधी ते एका जहागीरदाराच्या पदरी पैलवान होते. तूप, बदाम, रोज कोवळं मटण, आणि कुस्ती मारली की भरजरी फेटा. पोलीस ॲक्शन झाली, जहागीरदार आधी हैदराबादला आणि तिथून कुठल्या कुठे गेले, आणि वस्तादांचं मोठालं शरीर खुराकाविना तसंच मागे राहिलं. हे सांगताना त्यांच्या आवाजात कधी तक्रार नसायची. बीवी वारल्यापासून ते शेडच्या कोपऱ्यातच राहत. एक खाट, एक पत्र्याची पेटी, भिंतीला टेकवलेली, व्यायामात फिरवायच्या जड लाकडी करेलांची जोडी. आम्ही पोरं पहाटे पोहोचायचो तेव्हा त्यांनी माती आधीच खणून भुसभुशीत केलेली असायची. त्या मातीत ताक, हळद, लिंबू आणि गोडं तेल मुरलेलं असे. तिचा वास अजून माझ्या नाकात आहे. आता माझी नात मला कसल्या कसल्या साबणांचे वास हुंगायला देते आणि विचारते, आजोबा, कसा आहे? मी छान म्हणतो, आणि मनात त्या मातीचा वास आठवत राहतो.

तिथेच मला कडुबा भेटला. शेंद्र्याचा. आधीची दोन मुलं जगली नाहीत म्हणून आईने दृष्ट लागू नये असं नाव ठेवलेलं. नाव कडुबा आणि बोलणं गुळासारखं. तेव्हा शेंद्र्याला कारखाने नव्हते. आज तिथून जाताना कंपन्यांच्या पाट्या वाचता वाचता मान दुखते. त्या काळी तिथे ज्वारी होती, कापूस होता, आणि कडुबाच्या बापाचं एवढंसं वावर होतं. तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. जोर कसे मारायचे, मान कशी कमवायची, पट काढताना गुडघा कुठे टेकवायचा, हे वस्तादांनी सांगावं आणि कडुबाने माझ्याकडून घोटून घ्यावं, असं चालायचं. रोज सकाळी तो मला वीस वेळा पाडायचा आणि एकविसाव्या वेळी स्वतः पडायचा, मी हिरमुसू नये म्हणून. नंतर आम्ही दोघे आत्याकडे. येसराची आमटी आणि ज्वारीच्या भाकरी. आत्या भाकऱ्या मोजायची नाही, तवा खाली उतरवायची तेव्हा जेवण संपलं असं समजायचं. "कडुबा, लाजू नको. लाजलास तर कुस्तीत बी लाजशील," असं ती म्हणायची, आणि तो खरोखरच लाजायचा.

वस्तादांच्या तालमीत एक रीत होती. हौद्यात आपसात किती का लढा, हाडं मोडा, पण बाहेर, लोकांसमोर, एका हौद्यातल्या दोघांनी एकमेकांची कुस्ती करायची नाही. जत्रेत चुकून तशी जोड लागलीच तर धाकट्याने थोरल्याच्या पाया पडायचं आणि फडातून उतरायचं. मान थोरल्याचा. लोकही समजून घ्यायचे, टाळ्या वाजवायचे आणि पुढची जोड बघायचे. एका मातीत लोळलेले ते भाऊ, असं वस्ताद म्हणत. ही रीत मोडलेली मी कधी पाहिली नव्हती, कारण मोडायची वेळच कुणावर आली नव्हती.

ती वेळ आणली उसाने. गोदाकाठच्या पट्ट्यात साखर कारखाना उभा राहिला, कारखान्याच्या जोरावर तिथे एक कॉलेज उभं राहिलं, आणि त्या कॉलेजच्या अध्यक्षांना कुस्तीचा शौक. मग काय विचारता. पैलवानांसाठी वेगळं वसतिगृह, दोन वेळा न मोजता दूध, बदाम, अंडी, कोल्हापूरकडून आणलेला मार्गदर्शक, पायात बूट, आणि विद्यापीठाच्या आमच्या भागात दुसऱ्या कुणाकडेच नसलेली गोष्ट, कुस्तीची गादी. स्पर्धा गादीवर व्हायच्या, गादी त्यांच्याकडेच होती, म्हणून स्पर्धाही दरवर्षी त्यांच्याच अंगणात. वजनाच्या प्रत्येक गटात त्यांचा पैलवान उभा असायचा. आमचे चौघे, बाकीचे गट रिकामे. सांघिक ढाल आम्हाला मिळणं शक्यच नव्हतं. पण एखादा पहिला नंबर आम्ही वस्तादांच्या जिवावर आणायचो, आणि इथेच खरी मेख होती. आमच्याकडचा जो कुणी नंबरात यायचा, तो पुढच्या वर्षी त्यांच्या वसतिगृहात दिसायचा. आम्ही पेरायचं, वाढवायचं, आणि कणसं त्यांनी तोडायची.

कडुबा पहिला आला त्या वर्षी आम्ही त्याची हलगी लावून मिरवणूक काढली. सुट्टी संपली आणि तो आत्याकडे जेवायला आला. दोनच भाकरी खाल्ल्या. आत्या म्हणाली, "पोटात दुखतंय का?" तो म्हणाला, "नाय." मग बराच वेळ ताटात बोट फिरवत बसला आणि म्हणाला, "आत्याबाई, म्या तिकडं चाललो. फी माफ हाय, ऱ्हायला खाट हाय. शिकून झालं की कारखान्यात चिकटवतेत म्हन्ले. घरी बापाचं काय खरं नाय." आत्या म्हणाली, "मग जा की. तोंड कशापायी पाडलंस?" आणि तिसरी भाकरी त्याच्या ताटात टाकली. मी मात्र उठून बाहेर गेलो. दूध दिसलं की पळणाऱ्याला आमच्याकडे बोका म्हणतात, असं मी ओट्यावरून मोठ्याने म्हणालो. त्याला ऐकू गेलं. वर्षभर मी त्याच्या माघारी त्याला बोकाच म्हणत राहिलो, ज्याला त्याला सांगत राहिलो. वस्तादांपुढे एकदा म्हणालो तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहून एवढंच म्हटलं, "खुराक जहाँ, पैलवान वहाँ. मैं बी वैसाच था बेटा. गाली मेरेकू दे."

त्याच हिवाळ्यात प्राचार्यांनी वस्तादांना आणि मला बोलावून घेतलं. प्राचार्य इंग्रजी शिकवायचे, हळू बोलायचे, माणूस चांगला. खेड्यापाड्यांतून दोन-तीनशे पोरं सायकलीवर येत आणि उन्हात सायकलींच्या ट्यूबा फुटत. सगळे सायकल स्टँड मागत होते आणि कॉलेजकडे पत्रे म्हणाल तर हौद्यावरचेच. "यंदा एक तरी पहिला नंबर आणा," ते म्हणाले, "म्हणजे संस्थेच्या बैठकीत मला तोंड राहील. नाहीतर ती शेड सायकलींना द्यावी लागेल." वस्ताद म्हणाले, "हौ साब." बाहेर आल्यावर ते घंटा द्यायला निघून गेले. चौघांमध्ये पहिला नंबर आणण्यासारखा त्या वर्षी मी एकटाच होतो, हे आम्हा दोघांनाही न बोलता कळलं.

गादी नसताना गादीची सवय कशी करायची? वस्तादांनी अडत बाजारातून रिकामी पोती आणली, त्यांत भुस्सा भरला, ती एकमेकांना शिवली आणि वर अंथरायला आत्याची वाकळ मागून घेतली. पंधरा दिवसांत वाकळीच्या चिंध्या झाल्या. आत्याने कपाळावर हात मारला. "माझ्या आईच्या लुगड्याची वाकळ व्हती मेल्यांनो," असं म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी दुसरी वाकळ काढून दिली. त्या भुशाच्या गादीवर माझे कोपर आणि गुडघे सोलवटून निघाले. आत्या रोज संध्याकाळी त्यांना हळद-तेल लावायची आणि लावता लावता सायकलवाल्या पोरांना शिव्या द्यायची. इतक्या प्रेमाने माझं अंग नंतर कुणी चोळलं नाही, आणि बायको हे वाचणार आहे हे माहीत असूनही मी लिहितो आहे.

स्पर्धेच्या गावी आम्ही एसटीने गेलो. वजनाच्या रांगेत माझ्या पुढे कडुबा उभा होता. मला आधी ओळखूच आला नाही. गाल बसलेले, ओठ फुटलेले. तो तर माझ्याहून वरच्या वजनाचा. वर्षभरात मी त्याच्याशी एक शब्द बोललो नव्हतो, पण राहवलं नाही. "दूध-बदाम खाऊन असा कसा झालास रे?" मी कुजकट विचारलं. तो हसला. "वरच्या वजनात त्यांनी दुसरा आनलाय. माझ्याहून तगडा. मला खाली उतरवलं. तीन दिस झाले, पानी बी घोटघोट पितोय." मग सहज सांगावं तसं म्हणाला, "नंबर आला तर खाट ऱ्हाती. नाय तर परीक्षा झाली की खाली करायची." त्याने वजन दिलं आणि कोपऱ्यात जाऊन भिंतीला टेकून बसला. मला कुठेतरी टोचलं, पण मी ते झटकून टाकलं. म्हटलं, बोक्याची बरी जिरली.

दुपारपर्यंत मी दोन कुस्त्या मारल्या, त्याने दोन मारल्या, आणि जे व्हायचं ते झालं. आमच्या गटाची शेवटची कुस्ती आमच्या दोघांची लागली. वस्ताद मला मंडपामागे घेऊन गेले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पैर पड, और उतर जा."

मी म्हणालो, "वस्ताद, अन् हौदा?"

"हौद क्या, मट्टी है."

"तो आता आपला नाय. तिकडचा झालाय. मग कसली रीत?"

"कपडे बदले तो भाई बदलता क्या? तुम दोनोंमें जो बी गिर्‍या, मेराच गिर्‍या ना. वो मैं लोगां के सामने नई देख सकता. नक्को बेटा."

मी मनाशी ठरवलं होतं, लढायचं. हौदा वाचवायचा, प्राचार्यांना नंबर द्यायचा, आणि खरं सांगायचं तर कडुबाला चारचौघांत आडवा करायचा. वर्षभर त्याच एका चित्रावर मी बैठका मारल्या होत्या. वस्तादांचं ऐकायचं नाही असं आयुष्यात पहिल्यांदाच ठरवत होतो आणि त्याची मला भीतीही वाटत होती.

नावं पुकारली. मी गादीवर जाऊन उभा राहिलो. कडुबा समोरून यायला हवा होता, तो आलाच नाही. पाहतो तर तो प्रेक्षकांत शिरला होता. त्याचा मार्गदर्शक हाका मारत होता, अध्यक्ष खुर्चीतून बघत होते, आणि हा बूट काढून वस्तादांच्या पायांवर डोकं ठेवून बसला होता. वस्तादांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग तो तसाच अनवाणी गादीवर चढला. त्याच्या पायांकडे लक्ष गेलं आणि माझी सगळी मिजास उतरली. वर्षभराचा राग कुठे गेला ते मला आजही सांगता येणार नाही. पंचांनी शिट्टी दिली. मी पुढे झालो आणि त्याच्या पायांशी वाकलो.

त्याने माझे दंड धरले. "उठ," तो दबक्या आवाजात म्हणाला.

"नाय. वस्तादांनी सांगितलंय."

"हौदा मोडायलेत म्हनं तुमचा. खरंय का?"

"व्हय."

"मंग तू कशाला उतरतो येड्या? ऱ्हा हुबा. म्या उतरतो."

आणि थोरला असून तो माझ्या पायांशी वाकला. असं कधी कुणी केलं नव्हतं. मी घाबरून आणखी खाली वाकलो. तो त्याहून खाली. डोक्याला डोकं आपटलं. पंचांना वाटलं आम्ही नवा डाव टाकतो आहोत. मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी शिट्टी वाजवली, लढा म्हणाले. आम्ही एकमेकांच्या पायांना हात लावून उकिडवे बसलेलो. मंडपात आधी कुजबुज झाली, मग हशा पिकला. तिसऱ्या शिट्टीनंतर पंचांनी आम्हा दोघांनाही बाद केलं. त्या वजनात पहिला नंबर कुणालाच दिला नाही. वस्ताद मान खाली घालून बसले होते आणि त्यांची दाढी हलत होती. हसत होते की रडत होते, मी नीट पाहिलं नाही.

प्राचार्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "वस्ताद, तुमची रीत मला मान्य आहे. पण मला स्टँड बांधावाच लागेल." वस्ताद म्हणाले, "हौ साब." परीक्षा होईपर्यंत तेवढी मुदत मिळाली. आणि परीक्षेनंतर एका दुपारी कडुबा आपली वळकटी खांद्यावर घेऊन आत्याच्या दारात उभा राहिला. आत्याने त्याचे गाल पाहिले आणि तिला रडूच आलं. "साखरंच्या गावाला जाऊन असा वाळलास व्हय रे," म्हणाली, आणि तव्यावर भाकरी टाकायला आत पळाली. मी त्याच्या शेजारी जेवायला बसलो. बोका म्हणाल्याबद्दल माफी मागायची होती, पण ती मला मागता आली नाही. मी माझ्या वाटीतली आमटी त्याच्या वाटीत ओतली आणि त्याने ती खाल्ली.

हौद्याच्या शेवटच्या सकाळी कडुबा शेंद्र्याहून बैलगाडी घेऊन आला. तालमीची माती फेकून देत नाहीत, ती दुसऱ्या हौद्यात नेऊन मिसळतात. म्हणून गाडी आणली असेल असं मला वाटलं. मजूर पत्रे काढायला नऊला येणार होते. वस्ताद म्हणाले, "टैम है. खेलो." बघायला कुणी नव्हतं, एक वस्ताद आणि दोन बैल. आम्ही लांगा कसल्या. कडुबा महिनाभर आईच्या हातचं जेवला होता, पण मीही त्या महिन्यात भरपूर मेहनत केली होती. आणि मला मनापासून वाटत होतं की त्या दिवशी लढलो असतो तर मीच जिंकलो असतो.

त्याने मला फार वेळ दिला नाही. मी पट काढायला शिरलो, त्याने माझी मान दाबली, बगलेत हात घातला आणि ढाक लावली. काय झालं ते कळायच्या आत माझी पाठ मातीला लागली होती. पुन्हा उठलो, पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा पडलो तेव्हा मी उठलोच नाही. पडल्या पडल्या मला सगळं लख्ख समजलं. गादीवर मी कितीही ताठ उभा राहिलो असतो तरी हेच झालं असतं. उपाशी असला तरी त्याने मला दोन मिनिटांत पाडलं असतं. खाट, फीमाफी, कारखान्यातली नोकरी, सगळं त्याच्या हातात आलेलं होतं.

"कडुबा," मी म्हणालो, "त्या दिवशी बी तू मला असाच पाडला असतास."

"व्हय," तो म्हणाला. "तू शिरताना मान उघडी टाकतो. सकाळपास्नं बघत व्हतो."

"मग पाय कशाला धरलेस?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की याला एवढंही कळत नाही. "अन् हौदा गेल्यावर वस्तादानं कुठं ऱ्हायचं?"

मला शरमेने वर बघवेना. हिवाळ्यापासून मी हौदा हौदा करत होतो. नंबर, प्राचार्य, माझा राग, सगळं त्यात होतं. वस्ताद कुठे राहतील हे माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं. कडुबाने हात देऊन मला उठवलं आणि माझ्या पाठीची माती झटकली. मग कोपऱ्यात जाऊन त्याने वस्तादांची खाट उचलली आणि गाडीत नेऊन ठेवली, नंतर पेटी, नंतर करेलांची जोडी. "माय म्हन्ली, घेऊनच ये," तो वस्तादांना म्हणाला. "वावराच्या कडंला जागा हाय." वस्तादांनी गळ्यातली घंटेच्या खोलीची किल्ली काढून माझ्या हातात दिली, प्राचार्यांना द्यायला, घंटा आता दुसऱ्या कुणी द्यावी म्हणून, आणि खाटेला धरून गाडीत चढले. उरलेल्या जागेत मी पाट्या भरभरून माती टाकत राहिलो.